झोपवायचा राहिलेला पाना

थोरले गेले, तरी धाकटे धाकटेच राहिले. केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, तरी गॅरेजवर येणारा माणूस शटरपाशी उभा राहून विचारायचा, "धाकटे मिस्त्री आहेत का?" थोरल्या भावाची जागा रिकामी होती. पण तिच्यावर सरकून बसावं असं धाकट्यांच्या मनात कधी आलं नाही.

गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे घरात जाणारं दार. डाव्या भिंतीला मोठी फळी, फळीवर काळ्या रंगाने काढलेली एकेका हत्याराची आकृती, आणि आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. हत्यार उचललं की मागे त्याची सावली उरायची. संध्याकाळी साऱ्या सावल्या झाकल्या गेल्या, की शटर खाली. फळीच्या मधोमध एक उभी रेघ होती. रेघेच्या एका अंगाला थोरल्यांची हत्यारं, दुसऱ्या अंगाला धाकट्यांची. दोन्हीकडे जर्मन. एवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत होतं, बाकी कशावरच नव्हतं.

थोरल्यांना जड हत्यार लागायचं. हॅझेट कंपनीचा निळा ट्रे उघडला की त्यांचा चेहरा उजळायचा. एकेक पाना तळहातावर तोलून ते म्हणायचे, "हातात काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे, धाकट्या." धाकट्यांचा जीव श्टालविलेच्या सडपातळ रिंग पान्यांवर. बारीक कंबर, पातळ डोकं, अडचणीतल्या नटापर्यंत मुंगीसारखे शिरणारे.

"तुझे पाने म्हणजे आजारातून उठलेली माणसं," थोरले म्हणायचे.

"आणि तुमचे म्हणजे जेवून आडवे झालेले सासरे. उठवायलाच दोन माणसं लागतात."

मग एकच नट. थोरले आपल्या पान्याने तो आवळायचे, धाकटे आपल्याने सोडवायचे, पुन्हा आवळायचे, कडा बघायचे, कोणाच्या पान्याने कोपरा जास्त घासला ते नखाने चाचपायचे. गाडीवाला बिचारा टायरवर बसून असायचा. थोरल्यांची बायको मागच्या दारातून डोकवायची. तिला बसल्या जागी दोन ओळी जुळवायची खोड.

"जड म्हणे थोरला, धाकटा म्हणे हलका,
दोघांच्या वादात नट झाला पोरका!"

असं म्हणून ती आत जायची, आणि दोघे भाऊ एकदम गप्प होऊन कामाला लागायचे.

आता वाद नव्हता. हल्लीच धाकट्यांनी लाल मुठीची एक क्निपेक्सची पक्कड घेतली होती. जबडा कुठल्याही मापावर सरकवावा आणि पाइपला लावावा, की कुत्र्याने हाड धरावं तशी धरायची. त्यांनी तिची आकृती काढली, ती फळीवर टांगली, आणि वाट बघत बसले. कोणीच काही बोललं नाही. नावं ठेवणारं माणूस नसलं की नवी वस्तू नवी वाटतच नाही. मधे काही दिवस ते एकटेच दोन्ही बाजूंनी भांडून बघत. आवाज जाड केला की थोरले, बारीक केला की आपण. पण आपल्या तोंडून थोरले प्रत्येक वेळी हरायला लागले, तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं. संध्याकाळी हत्यारं पुसायची, दोन्ही बाजूंची, आणि पाठ धरून उभं राहायचं. एवढंच उरलं होतं.

आणि उरला होता थोरल्यांचा टॉर्क पाना.

नट किती आवळायचा हे सांगणारा हा लांब दांड्याचा पाना. मूठ फिरवून आकडा लावायचा, नट आवळत न्यायचा, तेवढा जोर झाला की पाना आतून म्हणतो 'कट्'. म्हणजे पुरे. दांड्याच्या पोटात एक स्प्रिंग असते, तिच्या ताणावर सगळा खेळ. म्हणून काम झालं की मूठ उलटी फिरवून आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा. नाही तर स्प्रिंग पेटीतही ताणलेली राहते, आणि ताणून ताणून थकते. या घरात त्याला 'पाना झोपवणं' म्हणत. थोरले मूठ फिरवता फिरवता गुणगुणायचे,

"नीज माझ्या पान्या, काम झालं पुरं,
उद्याचा जोर बाळा, उद्यासाठी उरं."

त्यांची मुलगी तेव्हा इतकी गुटगुटीत होती की बापाने तिचं नाव ठेवलं गोटी. पान्याच्या टोकाला बसवतात ती गोटी. बाप पाना झोपवायचा आणि बाकावर बसलेली पोरच पेंगायला लागायची.

असा माणूस, जन्मात एकदाच विसरला. एका व्हॅनची चारी चाकं एकशे दहावर आवळून त्यांनी पाना बाकावर ठेवला, "धाकट्या, चहा सांग," म्हणाले आणि स्टुलावर टेकले. चहा आला तेव्हा ते नव्हते.

माणसं पांगल्यावर कधीतरी धाकट्यांनी पाना उचलला. आकडा एकशे दहावर होता. झोपवायला म्हणून हात मुठीवर गेला आणि तिथेच थांबला. हा आकडा थोरल्यांच्या बोटांनी लावलेला. एकदा फिरवला की गेला, परत लावला तरी तो आपला होणार. त्यांनी पाना तसाच पेटीत ठेवला. पुढे एक रीतच पडली. ज्या गाडीच्या चाकांना एकशे दहा लागतात, तिच्यापुरता हा पाना काढायचा. बाकी आकड्यांना त्यांचा स्वतःचा. चाकाशी वाकून ओढत न्यायचं आणि ऐकायचं 'कट्'. थोरले मागे उभे राहून 'बस' म्हणाल्यासारखं. दिवसभराच्या दगदगीत तेवढा एक शब्द त्यांना पुरायचा.

त्या दिवशी दुपारी आजारी माणसांना दवाखान्यात नेणारी व्हॅन आली. ड्रायव्हर उतरला तोच कपाळाला आठ्या घालून.

"मिस्त्री, डावीकडून टकटक येतंय बघा. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणते, गाडीच्या पोटात सुतार बसलाय."

"सुतार नाही, तुझं डोकं बसलं असेल. खड्ड्यात आपटलीस का?"

"पेशंट घेऊन कोण आपटतं हो?"

धाकटे गुडघ्यावर हात देऊन खाली बसले. चाकाची टोपी काढली, पहिल्या नटाला सहज बोटं लावली. नट फिरला. बोटांनी फिरला. तव्यावर पडल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. हे चाक त्यांनीच आवळलं होतं. त्याच पान्याने.

तेवढ्यात मागच्या दारातून गोटी आली. आता ती बसडेपोत मिस्त्री होती, बापासारखी उंच, आणि सुट्टी असली की आईला भेटायला यायची. आली की काकांच्या कानाशी एकदा तरी 'आता गॅरेज बंद करा' हा पाढा वाचायची. आज ती काकांचा चेहरा बघून नुसती उभी राहिली.

"खड्ड्यात आपटली असणार," धाकटे तिच्याकडे न बघता म्हणाले. उठून त्यांनी पेटी उघडली, थोरल्यांचा पाना काढला, चारी चाकांचे नट परत ओढले. कट्. कट्. प्रत्येक नटाला थोरले 'बस' म्हणत गेले.

"झालं. घेऊन जा."

"थांबा जरा," गोटी ड्रायव्हरला म्हणाली. तिने फळीवरून काकांचा पाना काढला, एकशे दहावर लावला आणि नुकत्याच आवळलेल्या नटाला घातला. नट सरकला. पुढे गेला. आणखी गेला. मग कुठे कट् झालं. तिने दुसरा लावला. तोही तसाच.

ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं. "मी त्या झाडाखाली बसतो," तो म्हणाला, आणि शहाणा माणूस खरंच जाऊन बसला.

"तुझ्या पान्यातच काहीतरी असेल," धाकटे म्हणाले.

"माझा नाही काका, तुमचाच आहे. बाबांचा लवकर बोलतोय."

"कसा बोलेल? हा पट्टीवाला आहे. याला झोपवावं लागत नाही."

 जर्मनांच्या टॉर्क पान्यांत एक जात अशी असते, जिच्यात स्प्रिंगऐवजी वाकणारी पट्टी असते. तिला आकड्यावर तशीच ठेवली तरी चालते. पण ती जात कुठली आणि ही कुठली, हे आयुष्यभर घासून पुसून तुलना केलेल्या माणसाला कोणी सांगायचं?

"पट्टीवाला तुमचा," गोटी हळूच म्हणाली. "हा स्प्रिंगचा. यावरून बाबांना तुम्ही किती चिडवायचात. 'तुमच्या पान्याला अंगाई लागते, माझा शहाणा आहे.' मी इथेच बसलेली असायचे की."

धाकटे स्टुलावर बसले. थोरल्यांचं स्टूल होतं ते, एरवी ते त्यावर बसत नसत.

"हात लावू नकोस त्याला."

"नाही लावत."

"त्याच्यावर तुझ्या बाबांचा शेवटचा हात आहे."

"आणि त्या गाडीत म्हातारी बसते, काका."

बाहेर ड्रायव्हर फोनवर कोणाला तरी समजावत होता, येतो, निघतोच, चाकाचं जरा बघतायत. धाकट्यांना एकदम सगळ्या गाड्या आठवायला लागल्या. भाजीवाल्याचा टेम्पो. शिक्षिकेची जुनी मोटार. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात ती शाळेची व्हॅन. सगळ्या एकशे दहाच्या. सगळ्यांना थोरल्यांनी 'बस' म्हटलेलं, आणि ते बस नव्हतंच. उठावंसं वाटेना. गेली सगळी वर्षं एका दमात अंगावर येऊन बसली होती.

मागच्या दारात वहिनी उभ्या होत्या. कधी आल्या कोण जाणे. त्यांनी उघडी पेटी पाहिली, बाहेर काढलेला पाना पाहिला, डोळ्यांवर चष्मा चढवून मुठीवरचा आकडा पाहिला.

"भावोजी, हा त्या दिवशीचाच का?"

धाकट्यांनी मान हलवली.

"मला वाटलं, तुम्ही तेव्हाच झोपवला असेल."

"हात धजेना, वहिनी."

वहिनींनी पदराने पान्यावरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "माणूस दमून गेला," त्या म्हणाल्या, "आणि त्याचा पाना आपण इतकी वर्षं जागा ठेवला? स्वतः पोटभर झोपायचे ते. दुसऱ्याला जागं ठेवलेलं त्यांना कधी खपलंय का?"

मग त्यांनीच पाना उचलून दिरापुढे धरला. "घ्या. मला तो गोल फिरवता येत नाही, आणि ही फिरवील तर उद्या तुम्ही तिच्याशी बोलणार नाही."

धाकट्यांनी पाना मांडीवर आडवा घेतला. मुठीचं कुलूप सोडलं. मूठ पहिल्यांदा हललीच नाही, मग अंग चोरून हलली. शंभर आलं. नव्वद आलं. वहिनी गुणगुणायला लागल्या, "नीज माझ्या पान्या, काम झालं पुरं," आणि पुढची ओळ त्यांना सापडेना. त्या थांबल्या, तशी गोटीच्या तोंडून आपोआप ती आली, लहानपणीच्या पेंगुळल्या आवाजात. आकडा खाली खाली जात राहिला. चाळीसवर मूठ थांबली. त्याच्या खाली न्यायची नसते.

एकशे दहा कुठेच नव्हतं. धाकटे मुठीकडे बघत राहिले. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दमल्यासारखं मात्र फार वाटलं, आणि ते दमणं आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"डेपोत आमच्याकडे तपासायचं मशीन आहे," गोटी म्हणाली. "स्प्रिंग बदलली तर चालेल कदाचित."

"बघ. नाही चालला तरी परत आण. त्याची पेटी रिकामी नको राहायला."

त्यांनी आपला पट्टीवाला पाना घेतला, व्हॅनच्या उरलेल्या नटांपाशी एकेक करून वाकले, ड्रायव्हरला झाडाखालून हाक मारली. "म्हातारीला सांग, सुतार उतरला. आणि चूक खड्ड्याची नव्हती, माझी होती." ड्रायव्हर काहीतरी थट्टा करणार होता, पण मिस्त्रींचं तोंड बघून त्याने नुसता हात हलवला.

मग स्टुलावर बसून धाकट्यांनी फोन काढला. भाजीवाला, शिक्षिका, शाळेची व्हॅन, मग बाकीचे. प्रत्येकाला तेच सांगायचं होतं, आणि प्रत्येकजण आधी घाबरणार, मग रागावणार. आधी शाळेची व्हॅन.

"नमस्कार, धाकटा मिस्त्री बोलतोय. गॅरेजमधून. गाडी आहे तिथेच उभी करा, चालवू नका. मी येतो पाना घेऊन. नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. चाकं माझ्याकडून सैल राहिलीत."

पलीकडून बाई बोलायला लागली. ती बराच वेळ बोलणार होती. धाकटे ऐकत होते, "हो... बरोबर आहे तुमचं... हो," म्हणत होते.

फळीसमोर गोटी लाल मुठीची नवी पक्कड काढून उघडझाप करत होती. तळहातावर तोलून तिने नाक मुरडलं, अगदी बापासारखं.

"काका, ही काय घेतलीत? मूठ निसरडी आहे. बाबांनी हातात धरली नसती."

धाकट्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"निसरडी? कुठे निसरडी? तेलाचा हात पुसलास का आधी?"