शेषबुवांनी काढलेला नारू

चिंचवस्तीच्या माळावर, बिरोबाच्या देवळापुढं, पाय ठेवायला जागा नव्हती. होटगी स्टेशनपासून तीन कोसांवरची ही धनगरांची वस्ती एरवी दुपारी ओस असायची. बाप्ये मेंढरांमागं, बाया सरपणाला, आणि घरात एखादं खोकणारं म्हातारं. पण एकोणीसशे एकतीसच्या त्या उन्हाळ्यात चार गावची लंगडी माणसं तिथं लोटली होती. कुणी काठीवर, कुणी लेकाच्या पाठीवर, कुणी बाजेवर. कारण देवळापुढच्या लिंबाखाली शेषबुवा बसले होते.

"बस, आप्पा, बस. पाय हिकडं कर," बुवांनी एका म्हाताऱ्याला पुढ्यात घेतलं. "गेल्या जन्मी वारूळ फोडलं हुतंस का न्हाय?"

म्हातारा गडबडला. त्याला या जन्मातलंच धड आठवत नव्हतं. "फोडलं आसंल, महाराज."

"आसंल न्हाय, फोडलंसच. त्या वारुळातलं शेषाचं पिल्लू तुज्या पायात येऊन बसलंय. आडानी लोक त्याला नारू म्हन्त्यात."

बुवांनी पायावरच्या फोडावर ओल्या हळदीचा लपका थापला, वर लिंबाचा पाला आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकलं. मग डोळे मिटून मंत्र सुरू केला. कानडी येणाऱ्यांना तो तेलगू वाटला आणि तेलगू येणाऱ्यांना कानडी, त्यामुळे अर्थ विचारायचा प्रश्नच नव्हता. एकदम बुवांचं अंग थरथरलं. त्यांनी फडक्याखाली हात घातला आणि हळदीच्या लपक्यातून एक पांढरा, ओला, हातभर दोरा सर्रकन ओढून वर धरला. गर्दीनं भंडारा उधळला. म्हातारा आपल्याच पायाकडे आश्चर्यानं बघत राहिला.

बुवा पैशाला शिवत नसत. बिदागी म्हणून फक्त एक मेंढरू घेत. माणूस किती निःस्पृह, म्हणून लोक कानाला हात लावत.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या गिरिजाबाईंना हे बघून कपाळ आपटून घ्यावंसं वाटत होतं. त्या सोलापुरातल्या एका मिशनच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होत्या. मोहोळकडच्या शेतकऱ्याची लेक, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. दर पंधरवड्याला त्या डॉक्टर व्हीलरांबरोबर बैलगाडीतून इथं येत. व्हीलर अमेरिकेतला चांगला चाललेला दवाखाना सोडून, स्वखुशीनं, बिनपगारी दोन वर्षं इकडं राबायला आले होते. मुन्शीकडून ते पुस्तकी मराठी शिकले होते, पण वस्तीवरचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जाई. मग गिरिजाबाईंनी इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करायचं. आज साहेब चिंचेखाली टेबल मांडून बसले होते आणि टेबलापुढं एक शेळी सोडून कुणीही नव्हतं.

गिरिजाबाई वस्तीत शिरल्या. त्यांना मायाक्काला बघायचं होतं. धुळाप्पाची ही तरणीताठी बायको गेल्या खेपेला घोट्यावर नारू घेऊन आली होती. नारू म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा. तो फोडातून डोकं काढतो, तेव्हा त्याला काडीवर गुंडाळायचा, रोज दोन बोटं ओढायचा, आणि सगळा बाहेर येईपर्यंत दम धरायचा. तुटला तर आतल्या आत सडतो. साहेबांनी काडी लावून दिली होती आणि गिरिजाबाईंनी घसा फोडून हे सगळं समजावलं होतं.

खोपटात मायाक्का वाकळेवर पडली होती. काडी नव्हती. पाय गुडघ्यापर्यंत फुगून चकचकीत झाला होता आणि घोट्यापासून वर लाल रेघा चढल्या होत्या. कपाळाला हात लावताच चटका बसला.

"काडी कुठं गेली, मायाक्का?"

"बुवांनी उपसून टाकली की. नारू निगाला, बाई. मी सोता बगितला, ह्यो एवडा लांब."

"निघाला, तर पाय कशानं सुजला?"

मायाक्कानं मान वळवली. "माजी भक्ती कमी पडली. बुवा तसंच म्हनाले."

जिच्यावर पाय गमवायची वेळ आली तिलाच वर भक्तीचा हिशेब द्यावा लागत होता, याची गिरिजाबाईंना विलक्षण चीड आली.

धुळाप्पा दाराशी उभा होता. गिरिजाबाई त्याला म्हणाल्या, "हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला हवं. पाय चिरून घाण काढावी लागेल. उशीर झाला तर जीव जाईल."

"बुवांनी वस्ती सोडाय मनाई केलीया. शीव वलांडली की शेष उलटतोय म्हन्त्यात."

"आणि ही मेली तर?"

"मला बी ती पायजेच की, बाई," धुळाप्पाचा आवाज चिरकला. "पर मी कुनाचं आयकू? तुमच्या सायबाचा बी मंत्र, त्यांचा बी मंत्र. तुमच्या मंत्रानं किडा बोट बोट निगतोय. त्यांच्या मंत्रानं सगळा निगाला."

"आमचा कसला मंत्र?"

धुळाप्पानं पाळण्यातल्या पोराकडे बोट दाखवलं. पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात कापडाची चिमुकली चौकोनी पिशवी होती. गिरिजाबाईंनी ती उसवली. आत हिवतापाची कोयनेलची पुडी होती, जशीच्या तशी बंद.

"सायेब पेटीवर हात ठिवून डोळं मिटून मंतरत्यात, मगच पुडी देत्यात. मंतरलेली पुडी खाऊन कशी संपवायची? सगळ्या वस्तीनं पोरांच्या गळ्यात बांदल्यात."

चार महिने उन्हातान्हात गाडी हाकलून, पाण्यासारखी औषधं वाटून, गिरिजाबाईंनी आणि साहेबांनी वस्तीत नुसते ताईत वाटले होते. नारू पाण्यातून पोटात जातो, म्हणून विहिरीचं पाणी फडक्यानं गाळा, नारूचा पाय विहिरीत घालू नका, हेही गिरिजाबाईंनी दर खेपेला सांगितलं होतं. पण ते प्रार्थनेनंतर, आणि प्रार्थना झाली की मुख्य काम उरकलं म्हणून लोक उठून जात. मायाक्काची आणि तिच्यासारख्या बायांची पावलं रोज त्याच पायऱ्यांच्या विहिरीत बुडत होती.

"बुवांनी काढलेला तो नारू आहे का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

होता. बुवांनी तो अवसेला वारुळात पुरायला सांगितला होता. धुळाप्पानं आढ्यातून फडकं काढलं. आतला दोरा वाळून तारेसारखा ताठ झाला होता. गिरिजाबाईंनी तो बोटांत फिरवला, नखानं दाबला, उजेडात धरला. असला दोरा त्या दवाखान्यात रोज हाताळत. जखमा शिवायला काचेच्या नळीतून येतो तो. हा जाड आणि ओबडधोबड होता एवढंच.

"धुळाप्पा, हा नारू नाही हे सगळ्यांदेखत दाखवलं, तर मायाक्काला गाडीत घालशील?"

त्यानं बायकोकडे बघितलं आणि मान हलवली.

गिरिजाबाई आधी चिंचेखाली गेल्या. ताईत टेबलावर टाकून त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. व्हीलर हातातल्या पुडीकडे बघत राहिले. "मी तर फक्त देवाचे आभार मानत होतो," ते हळूच म्हणाले.

"ते मला माहीत आहे, साहेब. त्यांना कसं माहीत असणार?"

मग दोघं बिरोबापुढं आले. धोंडीराम नावाचा एक गडी साहेबांच्या काडीवर दम धरून राहिला होता. त्याच्या काडीवरचा नारू जवळजवळ सगळा बाहेर आला होता आणि टोक वाळलं होतं. गिरिजाबाईंनी ते वाळकं टोक चिमटीत धरून चुरडलं. त्याचा भुगा झाला. मग धुळाप्पाचा दोरा वर करून त्यांनी विचारलं, "आणि हा बुवांनी काढलेला. धुळाप्पा, तुझाच ना?"

"माजाच."

त्यांनी दोरा पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या गळ्याला बांधला आणि दोन्ही टोकं धरून तांब्या उचलला. तांब्या लोंबकळत राहिला. त्यांनी गर्दीला विचारलं,

"किडा भरला तांब्या उचलतो का?"

"शेषानं पिर्थवी उचललीया," बुवा लिंबाखालून गरजले. "तांब्याचं काय घेऊन बसलीस?"

चार माणसांनी माना डोलावल्या. गिरिजाबाईंना वाटलं, सगळं सोडून सरळ स्टेशनची वाट धरावी. पण खोपटात मायाक्का होती. त्यांनी चुलीवरचं कोमट पाणी परातीत मागवलं, दोरा त्यात टाकला आणि बोटांनी उलटा पीळ द्यायला सुरुवात केली. दोरा फुगला, मऊ पडला, त्याचा पीळ सुटला. एका दोऱ्याच्या तीन चपट्या, बुळबुळीत पट्ट्या झाल्या. त्यांनी परात गर्दीत फिरवली. जन्मभर मेंढरं सोलणाऱ्यांना सांगायला काय हवं होतं?

अंबुबाई नावाच्या म्हातारीनं पट्टी बोटावर घेऊन हुंगली. "आतडं हाय हे," ती म्हणाली. "मेंढराचं आतडं."

"आणि बुवा बिदागी काय घेतात?" गिरिजाबाईंनी विचारलं. "रात्री मेंढरू कापायचं, आतडं खरवडून पीळ घालायचा, सकाळी भिजवून हळदीत लपवायचा. काल तुम्ही दिलेलं मेंढरू आज तुमच्याच पायातून निघतं. खरा नारू तुटून आत राहतो आणि तो माणूस मारतो."

लिंबाखाली बुवांच्या हळदीच्या परातीकडे दोघं-तिघं वळले. त्यांनी लपका उपसला. त्यातून आणखी पाच दोरे निघाले. अजून कुणाच्याही पायाला न लावलेले.

बुवा उठले. "किरिस्तावीन हाय ती. बाटवाया आलीया तुमाला. इचारा तिला, तिचा सायेब मंत्र म्हन्तो का न्हाय?"

आणि तो वार बरोबर बसला. सगळ्यांचे डोळे व्हीलरांकडे वळले. धुळाप्पा पुढं आला. "व्हय, सायेब. तुमी बी डोळं मिटताच की. तुमचा मंत्र खरा का खोटा, ते आज सांगा. मंग मी गाडी जुपतो."

गिरिजाबाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला आणि पुढं आपलं वाक्य जोडलं, "तुम्ही आज गोलगोल बोललात, तर ती मुलगी जाईल."

साहेबांचा चेहरा उतरला. समुद्र ओलांडून हा माणूस ज्या एका श्रद्धेपायी आला होता, तीच त्याच्याकडे मागितली जात होती. गिरिजाबाईंनाही ते सोपं नव्हतं. रोज रात्री त्याही गुडघे टेकत. पण इथं गुडघ्यांपेक्षा मायाक्काचा पाय मोठा होता.

व्हीलर आपल्या पुस्तकी मराठीत सावकाश बोलले. "माझी प्रार्थना मंत्र नाही. ती माझ्या मनासाठी आहे. तिने नारू निघत नाही, ताप जात नाही. मीही हिवताप आला तेव्हा कोयनेल गिळले, गळ्यात बांधले नाही. तुमच्या विहिरीचे पाणी मी कधी न गाळता प्यालो नाही." ते थांबले. "मी चुकीच्या क्रमाने काम केले. आता औषध आधी."

धुळाप्पानं एवढंच ऐकलं आणि तो बैलांकडे पळाला.

पाय वाचला नाही. सोलापुरात पोचेपर्यंत विष वर चढलं होतं. गुडघ्याखाली कापावा लागला, मायाक्का तेवढी वाचली. दोन दिवस आधी आणली असती तर नुसत्या चिरेवर भागलं असतं, असं व्हीलर म्हणाले, आणि धुळाप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसला. शेषबुवांचं काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. त्या गडबडीत ते निसटले आणि दिवाळीच्या आत लांबच्या दुसऱ्या एका माळावर त्यांची पुन्हा गादी लागली. तिथं त्यांनी हळदीऐवजी शेंदूर घेतला होता, असं कळलं.

थंडीत गिरिजाबाई चिंचवस्तीला गेल्या तेव्हा विहिरीवर बायांचा घोळका दिसला. त्यांना बरं वाटलं, पाणी गाळण्याची शिस्त लागली म्हणून. जवळ गेल्यावर पाहिलं तर मधे विहिरीच्या काठावर मायाक्का बसली होती, शेजारी कुबडी. बाया तिच्यापुढं पोरं घालत होत्या.

"हात फिरीव, मायाक्का," त्यातली एक, बजाबाई, म्हणत होती. "पाय तोडून बी जित्ती ऱ्हायलीस. तुज्यात देवीचं वारं हाय. लई ठिकानी बोलत्यात."

तिनं ओणवं होऊन मायाक्काच्या लुगड्याच्या काठाला हात घातला, पाया पडायला. आता हे पुन्हा पहिल्यापासून कुणाकुणाला समजवायचं?

पण मायाक्कानंच तिचा हात धरला आणि लुगडं वर सरकवून लाकडाच्या ठोकळ्यासारखा उरलेला पाय तिच्या डोळ्यांपुढं केला.

"पड पाया. कंच्या पाया पडतीस? बग की नीट. ह्यो देवीनं न्हाय नेला. मी पानी न गाळता प्याले, म्हून किडा आला. बुवानं आतडं दावलं आन् मी इचारलं न्हाय, म्हून पाय गेला. एका मानसानं बी म्हटलं न्हाय की बुवा, त्यो दोरा जरा हातात द्या, आमी बगतो. म्या बी न्हाय. तू तरी इचार, बजे. मला इचार, बाईला इचार, सायबाला इचार. आन् आदी त्या घागरीवर फडकं बांद."

बजाबाईनं पोराला कडेवरून खाली ठेवलं, पदराचं टोक दुहेरी केलं आणि घागरीच्या तोंडावर बांधायला घेतलं.