उजव्या हाताची नखं

“झालं का? आज कालच्यापेक्षा लवकर संपलं,” आतल्या खोलीतून आई म्हणाली. “सुटले बाई!”

धाकटीने गिटार मांडीवरून उतरवली. धाकटी म्हणजे बावन्न वर्षांची. थोरली परगावी, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं हिच्याकडे. त्यातून उरलेल्या अर्ध्या तासात सात महिने त्याच चार ओळी. ताल धरणाऱ्या मेट्रोनोमच्या मिनिटाला साठ ठोक्यांवर सुरुवात. एक सूर जरी पुसट आला तरी पुन्हा पहिल्यापासून. महिन्याला सहा-सात ठोके पुढे सरकायचे. रविवारच्या परीक्षेला एकशे आठ हवे होते. आज एकशे आठवर बोट कुठेच अडखळलं नव्हतं.

“दुसरं काही येत नाही का गं तुला?”

“येतं. पण ते हळू येतं.”

“मग येऊ दे की हळू. कोण मागे लागलंय?”

कोमट पाणी घेऊन ती आईचं अंग पुसायला बसली. रबरी हातमोजे तिने एकदाच घालून पाहिले होते. “मी काय मोरी आहे का घासायला?” म्हणून आईने दिवसभर अबोला धरला होता.

कुशीवर वळवताना आई कळवळली. दंडावर तीन रेघा उमटल्या. मधलीतून रक्त आलं. चौऱ्याऐंशी वर्षांची कातडी, आणि तारा छेडायला राखलेली, रोज कानशीने घासलेली ही नखं.

“डास चावला असेल,” आईच म्हणाली.

तिने नखं कापली आणि गिटारच्या सरांना फोन करून तसं सांगितलं.

“अहो ताई, चार दिवसांवर परीक्षा आली! नुसत्या बोटांनी त्या लयीला सूर स्वच्छ येत नाहीत, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. पण आईला लागतं हो.”

सर तिच्याहून वीस वर्षांनी लहान, भला माणूस. “असू दे. पुढच्या वर्षी बसा. तोवर तर नखं राखता येतील?”

“बघू,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला त्या प्रश्नाचा अर्थ कळला: तोवर आई नसेल. आपण ‘बघू’ कशाला म्हणालो, असं तिला झालं. मग गिटार घेऊन आईच्या खोलीत गेली. नखांवाचून सूर मऊ निघत होता, पांघरुणाखालून आल्यासारखा.

“वाजवतेस का नुसती बोटं फिरवतेस? मला काही ऐकू येत नाही.”

तिने खुर्ची पुढे ओढली. अजून थोडी. पलंगाला टेकेपर्यंत.