जिराफाचा मफलर

"आणि मग काय सांगू तुला, जिराफाची मान अशी अवघडली, अशी अवघडली, की त्याला दवाखान्यात आणायला रुग्णवाहिका पुरेना. शेवटी क्रेन आली, क्रेन!"

बोलता बोलता सिस्टरनं पोरीच्या नाकातली नळी जागेवर आहे ना ते सिरिंजनं तपासून घेतलं, खाटेची उशाकडची बाजू आणखी दोन वळसे वर उचलली आणि सिरिंजच्या उघड्या तोंडात पातळ जेवण ओतलं. ते आपल्या वजनानं, सावकाश खाली उतरू लागलं. सिस्टरची गोष्ट मात्र सावकाश चालणाऱ्यांतली नव्हती.

"पाय खाली पार्किंगमध्ये आणि मुंडकं इथं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत. ताप बघायला एक डॉक्टर खाली, एक वर. खालचा म्हणतो एकशेदोन, वरचा म्हणतो अठ्ठ्याण्णव. दोघंही खरे! मानेतून वर येईपर्यंत ताप निवायचा त्याचा. मग आपल्या मावशींनी त्याला मफलर विणला. लाल. साठ हात लांब."

पलीकडे फरशी पुसणाऱ्या मावशींनी मान वर केली. "मला कुठं येतं हो विणायला?"

"विणलाय तुम्ही. विसरलात."

"विसरले असेन बाई," म्हणत मावशी पुन्हा फरशीला लागल्या. सिस्टरशी वाद घालून कुणी दुपारच्या आत मोकळं झाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

सगळा मजला तिला थापासिस्टर म्हणायचा. सव्वीस वर्षं एकाच वॉर्डात घालवून तिनं हे नाव घामानं कमावलं होतं. बंद पडलेला पंप आपण नुसतं डोळे वटारून सुरू केला, हे ती शपथेवर सांगायची. आपल्या शिंकेनं एकदा आठही मुलांचे झटके थांबले होते, हेही. नव्यानं लागलेल्या नर्सा पहिले आठ दिवस सगळं खरं मानायच्या. नवव्या दिवसापासून 'बाहेर ऊन पडलंय' असं सिस्टर म्हणाली, तरी खिडकीतून डोकावून खात्री करायच्या.

वॉर्ड आठ खाटांचा. मेंदूला मार बसलेली, मेंदूच्या तापातून वाचलेली, झटक्यांनी पिळून निघालेली मुलं तिथं असत. खिडकीजवळच्या खाटेवरची ही पोरगी नऊ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी उतारावर सायकलचा ब्रेक लागला नाही. ऑपरेशन झालं, जीव वाचला, श्वासाचं यंत्र सुटलं, डोळे उघडले. आणि गाडी तिथंच थांबली. ती वेळेवर झोपे, वेळेवर जागी होई. पण हाक मारली तर बघत नसे, बोट धर म्हटलं तर धरत नसे. दर शुक्रवारी मोठ्या डॉक्टरीणबाई येत, तपासत आणि कागदावर लिहीत : प्रतिसाद नाही.

येत्या शुक्रवारीही तसंच लिहिलं गेलं, तर तिला दूरच्या सांभाळगृहात पाठवायचं ठरलं होतं. वाईट जागा नव्हती ती. तिथं मुलांना स्वच्छ ठेवत, वेळेवर भरवत, दर दोन तासांनी कुशीवर वळवत. पण व्यायाम घेणारं, गिळायला-बोलायला शिकवणारं तिथं कुणी नव्हतं. ती माणसं, ते तास 'ज्यांच्यात काही आशा आहे' अशा मुलांसाठी राखलेले होते.

आज मंगळवार होता.

दुपारच्या जेवणाला सिस्टर परत आली ती थकून. बदलीवरची नर्स आली नव्हती, पाठ बोलत होती. गोष्ट मात्र चुकवायची नाही, हा तिचा नेम. तिनं सिरिंज हातात धरून जिराफ पुन्हा दवाखान्यात आणला आणि घाईघाईत म्हणाली, "मग मावशींनी मफलर विणला. चाळीस हात लांब."

पोरीची डावी भुवई वर गेली.

फार नाही. अर्जात खोट दिसल्यावर कारकून उचलतो, तेवढीच.

सिस्टरच्या हातातली सिरिंज जागच्या जागी थांबली. सव्वीस वर्षं थापा मारणाऱ्या बाईची थाप पहिल्यांदा कुणीतरी पकडली होती.

"चुकलं का गं?" ती हळूच म्हणाली. "साठ, नाही का? साठ हात."

भुवई खाली आली.

सिस्टरनं आधी जेवण पुरतं उतरू दिलं, नळीत पाणी सोडून ती धुतली, नळीचं तोंड बंद केलं. मग ती स्टुलावर बसली.

पोरीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून तो थेट वॉर्डात यायचा, नखांत काळं ग्रीस घेऊन. तो दारात दिसताच सिस्टर धावली. "बाबा, ती ऐकतेय! सगळं ऐकतेय! मी मफलरची लांबी चुकीची सांगितली तर भुवई वर केली तिनं!"

लिफ्टवाला दारातच थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुमच्या गोष्टींनी आमचे दिवस गेलेत. पण हिच्या बाबतीत तरी थाप मारू नका हो."

सिस्टरला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. राग कुणावर काढणार? सव्वीस वर्षं पीक तिनंच पेरलं होतं.

आता या बाईची एक गोष्ट वॉर्डाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. तोंडानं ती हत्तीला पंख लावील. पण केसपेपरवर तिच्या हातून एक थेंब जास्त उतरत नसे. किती मिली गेलं, किती आलं, कोणत्या कुशीवर, किती वाजता. सगळं जसंच्या तसं. तर बुधवारी-गुरुवारी तिनं जिराफाला बारा वेळा दवाखान्यात आणलं. सहा वेळा बरोबर, सहा वेळा चुकीचं, क्रम चिठ्ठ्या टाकून. आणि प्रत्येक वेळेचं लिहून ठेवलं.

मावशी म्हणाल्या, "आता तर जिराफ माझ्या स्वप्नात येतोय. मफलर परत मागायला."

"म्हणजे विणलाय हे मान्य केलंत," सिस्टर म्हणाली.

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मागं छोटे डॉक्टर, त्यामागं लिफ्टवाला. सांभाळगृहाच्या कागदांवर सही करायला अर्धी रजा टाकून आलेला. बाईंनी सिस्टरचा कागद उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून, बसून वाचला.

"चुकीचं सांगितलं तेव्हा सहापैकी पाचदा भुवई. एकदा 'झोपेत असावी'. ठीक. पण हे काय लिहिलंय? 'एकदा बरोबर सांगूनही भुवई हलली. कारण कळलं नाही.' हे गाळलं असतंत, तर तुमची बाजू जास्त भक्कम झाली असती की."

"हलली ना मॅडम. मग लिहायला नको?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शिंकेनं झटके थांबवले होते, ते कागदावर का नाही आलं कधी?"

"ते... तोंडी होतं, मॅडम."

छोटे डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. "तुमच्या आवाजातला फरक ती पकडत असेल. गोष्ट मी सांगते. तुम्ही पडद्यामागं जा. आणि डॉक्टर, तुम्हाला गोष्ट माहीत नाही ना? छान. फक्त भुवईकडे बघा. हलली की बोला."

सिस्टर पडद्यामागं गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी आणि ती स्वतः गप्प.

बाईंनी घसा साफ केला. "रुग्ण, जिराफ. तक्रार, मान अवघडणे. दोन दिवसांपासून. उपचार, मफलर. लांबी... चाळीस हात."

काही नाही.

"रंग निळा."

काही नाही.

पडद्यामागं सिस्टरनं ओठ दाताखाली धरला. अगं बाई, ही गोष्ट आहे की पंचनामा? अशानं जिराफसुद्धा झोपेल! घड्याळाचा काटा ऐकू येत होता. बाईंनी पेनाचं टोपण काढल्याचा आवाजही तिनं ऐकला. त्या पेनानं काय लिहिलं जाणार, ते तिला माहीत होतं.

"मॅडम," लिफ्टवाल्याचा आवाज आला, घोगरा. "तिला अशी सपाट गोष्ट... लहानपणापासून नाही आवडत. जरा रंगवून सांगाल का? एकदाच."

खाट करकरली. बाई कडेला टेकल्या असाव्यात. त्यांनी कागद बाजूला ठेवल्याची सळसळ झाली. आणि वेगळ्याच, घरातल्या आवाजात त्या बोलू लागल्या. "बरं, ऐक गं चिमणे. एक होता जिराफ. त्याची मान अशी अवघडली म्हणतेस, की काही विचारू नकोस. मग त्याला आणायला आलं काय, तर भलं मोठं हेलिकॉप्टर..."

"भुवई!" छोटे डॉक्टर ओरडले. "मॅडम, गेली वर!"

"काहीतरीच. मी अजून चुकीचं कुठं सांगितलंय?"

"क्रेन!" पडद्यामागून सिस्टरला राहवलं नाही. "क्रेन आली होती मॅडम! हेलिकॉप्टर कुठून आणलंत?"

बाईंनी कागद उचलून बघितला. क्रेनच होती. चूक ठरवून केलेली नव्हती. ती सगळ्यांच्या आधी एकीच्या लक्षात आली होती, आणि ती खिडकीजवळच्या खाटेवर होती.

मग मात्र बाईंच्या अंगात जिराफ संचारला. निळा म्हटलं, भुवई वर. लाल म्हटलं, खाली. चाळीस, वर. साठ, खाली. थोडं थांबून पुन्हा. एकदा पोरगी दमली, तेव्हा थांबल्या. तासाभरानं पुन्हा आल्या. छोट्या डॉक्टरांच्या कागदावर दहात नऊ खुणा झाल्या.

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. तोवर सिस्टर पडद्याबाहेर आली होती. तिच्यासमोरच त्यांनी लिहिलं : प्रतिसाद आहे. सुसंगत. ऐकते, लक्षात ठेवते, चूक ओळखते. व्यायाम आणि वाचा-उपचार सोमवारपासून, दिवसातून दोनदा. सांभाळगृहाला नकार कळवावा. खाली सही केली, मग पेन सिस्टरपुढं धरलं.

"निरीक्षण तुमचं. तुम्हीही करा."

"मी? डॉक्टरांच्या कागदावर?"

"का, तोंडी सांगायचा विचार आहे?"

सिस्टरनं सही केली. हात पुसून, सावकाश, शाळेतल्या अक्षरात. मावशींनी तेवढ्यात सगळ्या मजल्यावर बातमी पोहोचवली, आणि बातमी परत वॉर्डात आली तेव्हा पोरगी उठून जिराफावर बसली होती.

संध्याकाळ झाली. व्यायामवाल्या ताई पोरीला आजच बघून गेल्या. भुवई वर म्हणजे 'नाही', असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पोरीनं तसं ते आधीच ठरवलेलं होतं.

लिफ्टवाल्यानं खिशातून कंगवा काढला. ऑपरेशनसाठी काढलेले केस एका बाजूला दोन बोटं वाढले होते, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत होते. चार महिने रोज याच वेळी तो ते विंचरायचा. तिच्याकडे न बघता, नीट, अलगद. आज कंगवा केसांना लागण्याआधीच त्याचा हात अडला.

तो वाकला. "केस विंचरू का गं?"

आणि थांबला. पलीकडच्या खाटेवरच्या मुलाला सिस्टरनं कुशीवर वळवून होईपर्यंत थांबला.

डावी भुवई वर गेली.

लिफ्टवाल्यानं कंगवा परत खिशात घातला आणि स्टुलावर ताठ बसला.

तासाभरानं आजी भेटायला आली. नातीकडे बघून तिनं बापाला झापलंच. "अरे, काय अवतार हा! पोरीचे केस नाही का विंचरायचे? लोक येतात, जातात!"

"नाही विंचरायचे," तो म्हणाला. "तिनं नको म्हटलंय."