काच अजून पडतेय

मंगळवारी सकाळी कुमुदच्या बाजूची काच गाडीच्या दारात पडली, आणि गुरुवारी दुपारपर्यंत ती तळाला पोचली नव्हती. दाराला कान लावला की ऐकू यायची. कुठे आपटत नव्हती, घासत नव्हती. नुसता वारा कापत खाली जाण्याचा बारीक आवाज.

तिचा नवरा, दिगंबर तिरोडकर, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाला होता. बिघडलेली वस्तू दुरुस्त होतेच, असं तो धरून चालायचा. "पोचली की वाजेल," तो म्हणाला होता. "मग खोलून बघू." पण बुधवारी आवाज आणखी खोल गेला आणि कुमुदला जेवण जाईना. गुरुवारी त्यांनी गाडी काढली आणि खेडच्या अलीकडे हायवेलगत परकारांच्या गॅरेजात नेली.

गॅरेज म्हणजे दोन भिंतींमधली एक लांबट जागा होती. आत चार गाड्या उभ्या होत्या. एकीलाही काच नव्हती. परकार साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांच्या डोळ्यांवर चष्म्याची नुसती चौकट होती.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

परकारांनी काच वरखाली करायचं हँडल काढलं, स्क्रू काढले, दाराचं आतलं पॅड उचकटून बाजूला ठेवलं. पत्र्यात एक भोक होतं, एरवी मेकॅनिकचा हात जाईल एवढं. त्यातून थंड हवा वर आली. परकारांनी दोरीला पाना बांधून आत सोडला. दोरी संपली. त्यांनी दुसरी जोडली. तीही संपली. पाना कशालाच लागला नाही.

"पडतेय अजून," ते म्हणाले. "वेळेवर आलात."

"पडली की दुसरी बसवू," कुमुद म्हणाली. "नवीन मिळते ना?"

"काच मिळते हो. पण जुनी तळाला लागली की सुटताना तिच्यातून जे दिसत होतं ते पण जातं." त्यांनी चष्म्याच्या रिकाम्या चौकटीतून बोट घातलं आणि डोळा चोळला. "माझी सुटली तेव्हा मी हिशेबाची वही बघत होतो, म्हणून वाचलो. तुमची सुटली तेव्हा तुम्ही काय बघत होता?"

कुमुदला आठवायची गरज नव्हती. ती गाडीत बसली होती, आणि बाहेर दिगंबर फाटकाला कडी लावत होता. निळा शर्ट, पाठमोरा. त्या क्षणी काच सुटली.

"ह्यांना," ती म्हणाली.

दाराच्या आत तो बारीक आवाज चालूच होता.

दिगंबरने घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. मग चपला काढल्या. "खांब चढायचो तसंच आहे," तो म्हणाला. "फक्त उलटं."

"अहो, दारात कोणी जातं का?"

"काच हातात आली की हाक मारतो. तू हँडल फिरव."

त्याने दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक सीटच्या पायाला बांधलं आणि दोन्ही पाय भोकात घातले. गुडघे गेले, कंबर गेली. खांदे जाताना त्याने श्वास सोडला, गर्दीत वाट काढताना सोडतो तसा. डोकं आत जाण्याआधी त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती, पण ती त्याने तिला दिसू न देण्याचा प्रयत्न केला.

परकारांनी हँडल पुन्हा दांड्यावर बसवलं. "बाई, तुम्ही सीटवर बसा. ते आत असेपर्यंत दार लावू द्यायचं नाही. एवढं सांभाळा."

"कोण लावणार?"

"दुपारी इथे जागा कमी होते," परकार म्हणाले, आणि मागच्या गाडीकडे गेले. तिथून पुढे ते तिला दिसले नाहीत.

दार सताड उघडं होतं आणि त्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, गॅरेजची भिंत होती. कुमुदने दोरीकडे पाहिलं, परत वर पाहिलं, तर भिंत वीतभर अंतरावर होती. थोड्या वेळाने भिंत दाराला टेकली. तिचा आवाज झाला नाही. दार चार बोटं आत आलं.

"परकार, भिंत सरकतेय," कुमुदने हाक मारली.

तिने दोन्ही पाय दाराच्या पत्र्याला लावले आणि पाठ सीटला रेटली. दार थांबलं. पायाखालच्या पत्र्यातून तिला दोरीचा ताण कळत होता. दिगंबर अजून उतरत होता. मग तो बारीक आवाज बंद पडला.

"कुमुद." दाराच्या आतून, फार खालून. "मिळाली. अख्खी आहे. फिरव."

हँडल जड होतं. एक फेरा, दुसरा. विसाव्या की तिसाव्या फेऱ्याला दाराच्या फटीतून काचेची कड वर आली. स्वच्छ, एक चरा नाही.

काचेच्या वर भिंत होती, विटांची. काचेतून भिंत दिसत नव्हती.

काचेतून निळा शर्ट दिसत होता, आता समोरून. कमरेजवळचं बटण, मग पोट. तिने हात थांबवला.

"थांबू नकोस," खालून आवाज आला. "दोन्ही हातांनी वर लोटतोय. हात भरून आलेत माझे."

तिने फिरवलं. खिसा आला, त्यातलं पेन आलं. हनुवटी आली. काच वर पोचली तेव्हा पलीकडे दिगंबर पूर्ण उभा होता, सकाळच्या उन्हात, मागे त्यांच्या घराचं फाटक. तो तिच्याकडे बघून हसला. बाहेरगावी निघताना नेहमी करायचा तसं त्याने वाकून तिचा पदर दारात अडकत नाही ना ते पाहिलं, आणि दोन्ही तळवे दारावर ठेवून हळूच ढकललं.

दार आत आलं, तिचे रेटलेले गुडघे दुमडले.

"कुमुद, अंधार होतोय इथे," दारातून आवाज आला. "दार धरलंयस ना?"

"धरलंय," ती म्हणाली.

सीटच्या पायाशी दोरी करकचून ताठ झाली, वर चढणाऱ्या माणसाच्या वजनाने होते तशी. काचेपलीकडच्या दिगंबरने खांदा लावला. दाराचा पहिला खटका पडला.