दोन खाचा

उत्खननातली वस्तू कशाची ते कळलं नाही, की 'धार्मिक वस्तू' लिहून मोकळं व्हायचं, ही पुरातत्त्व खात्याची जुनी खोड. नोंदवहीत हाडाच्या छोट्या कड्यापुढे संशोधक बाईंनीही तेच लिहिलं होतं. डबा द्यायला आलेल्या त्यांच्या आईने कडं उजेडात धरलं. काठावर दोन बारीक खाचा होत्या.

"धार्मिक कसलं डोंबलाचं! हिरड्या शिवशिवत असणार कुणाच्या तरी. तूही पाळण्याचा कठडा असाच कुरतडला होतास. दोनच दात आलेत बघ. पुढचे येताना घर डोक्यावर घेतलं असेल!"

बाईंनी 'धार्मिक' खोडलं. खालच्या ओळीत कडं कुठे सापडलं ते होतं: लहान मुलाचं थडगं. त्या ओळीवर त्यांनी अलगद हात ठेवला.

"हो गं आई," त्या म्हणाल्या, "घेतलं असेल."