पहिल्या नळाचे मासे

त्या गुरुवारी आमच्या वाडीत एकूण सतरा मासे मेले आणि गावात आनंदीआनंद झाला.

नऊ वाजायच्या आत देवळापुढचा मंडप भरला. प्रत्येकाच्या हातात स्टीलची ताटली, ताटलीत विड्याचं पान आणि पानावर मेलेला सोनेरी मासा. ज्यांचा मासा मेला होता ते पुढे बसले होते. ज्यांचा अजून पोहत होता ते मागे, तोंड पाडून. मधोमध पाटावर मीनानंद महाराज, अंगात भगवी कफनी, गळ्यात शिंपल्यांची माळ, शेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम. ड्रमात विकायचे मासे होते, पण त्याला विक्री म्हणायचं नाही, प्रसाद म्हणायचं.

"मासा म्हणजे कोण?" महाराजांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ते द्यायचं नसतं.

"मासा म्हणजे भगवंताचा पहिला अवतार. तो तुमच्या पेटीत फिरतो, तेव्हा घरातली पीडा हुडकत फिरतो. सापडली की गिळतो. गिळली की देह ठेवतो. ज्याचा मासा गेला, त्याचं संकट गेलं."

"आन ज्याचा न्हाई गेला?" मागून चंद्राबाईंनी विचारलं. त्यांचा तीन महिने जात नव्हता.

"माउली, त्याचं संकट मोठं. त्याला मासाही मोठा लागतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मासा मेला तर महाराजांची शक्ती, जगला तर तुमचं नशीब. अशा परीक्षेत महाराज नापास होणं शक्यच नव्हतं.

मी बहिरू, ग्रामपंचायतीचा पाणीवाला. बावीस वर्षं रोज पहाटे वाडीच्या उंच टाकीवर चढतो, जंतू मारायची टीसीएल पावडर बादलीत कालवून टाकीत ओततो आणि खाली येऊन व्हॉल्व्ह फिरवतो. मग टाकीखालच्या आळीपासून ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापर्यंत नळ येतात. जोडधंदा प्लंबिंगचा. आमची वाडी पुण्याजवळच्या माणच्या शिवेला लागून. जमिनी विकल्या गेल्या, घरांवर माळे चढले, माळ्यांवर भाडेकरू आले. हातात पैसा आला की घरात शोभेची एखादी वस्तू येतेच, आणि महाराजांच्या कृपेने आमच्याकडे माशांची पेटी आली.

काचेची पेटी बसवणं तसं साधं काम आहे. स्टँड समपातळीत हवा, काचेखाली थर्मोकोल हवा, तळाला धुतलेली वाळू, हवेचा पंप, आणि आठवड्याला थोडंसंच पाणी बदलायचं. महाराजांची पद्धत निराळी होती. त्यांची पेटी तळाला भोक पाडूनच यायची. त्या भोकाला अर्धा इंची कॉक आणि मोरीपर्यंत पाइप, आणि वरून स्वयंपाकघरातल्या नळाची थेट लाइन. गुरुवारी नळ आला की खालचा कॉक उघडायचा, चार बोटं पाणी ठेवून बाकीचं सोडून द्यायचं आणि लगेच नळाचं ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी अवताराला चालत नाही, मधे बादलीसुद्धा लावायची नाही, असा हुकूम होता. चाळीसएक घरांत ही लाइन मी स्वतः जोडली. माझा विश्वास नव्हता, पण एक सांधा गळका ठेवला नाही. शहाणपण आणि धंदा यांची मी गल्लत करत नसे, आणि त्याचीच आज मला लाज वाटते.

कारण त्या सतरा माशांतला एक रत्नाआक्काचा होता.

आक्का माझी थोरली बहीण. टाकीखालच्या आळीतलं पहिलं घर तिचं. दहा वर्षं साखरेचा आजार, आणि दिवाळीपासून डाव्या पायाच्या बोटाला चपलेने झालेली जखम. तिचे सहा मासे मेले होते. चौथा मेल्यावर तिने इन्सुलिन घेणं सोडलं आणि डॉक्टरकडे जाणंही.

"आक्का, पाय दाखव," मी म्हणालो.

"काय दाखवायचंय? पयलं लई आग व्हायची, रात रात झोप न्हाई. आता कायबी कळत न्हाई. मासं घिऊन गेलं."

"बोट काळं पडलंय."

"जातंय म्हनूनच काळं पडतंय. महाराज म्हनले, आजून दोन मासं लागत्याल."

मी बोललो, रागावलो, एकदा रडलोही. तिच्याकडे सहा मेलेल्या माशांचा पुरावा होता. माझ्याकडे नुसती काळजी होती, आणि काळजी काही सिद्ध करत नाही.

पुढच्या सोमवारी मी चंद्राबाईंच्या नळावर होतो. त्यांचं घर ओढ्याकाठी, पाइपलाइनच्या अगदी टोकाला. पावडर तिथवर पोचते का ते मला रोज तपासावं लागतं. त्यासाठी पंचायत एक बाटली देते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर पोचली. जितकी पावडर जास्त, तितका पिवळा गडद.

चंद्राबाई दारात बसून कुरकुरत होत्या. "बहिरूनाना, आमच्यात काय खोट हाय वो? तिकडं टाकीखालच्या आळीत पटापटा मरत्यात. आमचा ह्यो बघा, खाऊन खाऊन गुबगुबीत झालाय."

मी हातातली नळी उजेडात धरली. पाणी जेमतेम पिवळसर होतं. टोकाला असंच असतं. पाणी पाइपातून पुढे जातं तसा पावडरीचा जोर मरतो. आक्काच्या नळाला, टाकीच्या अगदी खाली, तोच रंग हळदीसारखा येतो.

मी नळी तशीच धरून वाडी डोळ्यांपुढे आणली. टाकीखालच्या आळीत दर गुरुवारी मासे मरत. मधल्या आळीत कधी मरत, कधी जगत. ओढ्याकाठी एकही मेला नव्हता. संकटं माझ्या पाइपलाइनने चालली होती. वर्षभर गाव ज्या शक्तीला नमस्कार करत होतं ती रोज पहाटे मीच बादलीत कालवत होतो.

तरी एक गोष्ट बसत नव्हती. आक्काच्या माळ्यावर अपेक्षा नावाची भाडेकरू राहते, लातूरची, हिंजवडीत कंपनीत आहे. तिच्याकडेही सोनेरी मासे होते. नळ तोच, पहिला. तिचे मासे दोन वर्षं जिवंत होते. आक्काकडे त्याचंही उत्तर होतं. "ती भाडेकरू. तिची संकटं लातूरला."

मी जिना चढून अपेक्षाला विचारलं.

"काका, मी नळाचं पाणी डायरेक्ट टाकतच नाही," ती म्हणाली. "एक दिवस बादलीत उघडं ठेवते. घाई असली तर माशांच्या दुकानात मिळणारे हे थेंब. तुमच्या पावडरीतलं क्लोरीन जातं. नाहीतर त्यांचे गिल्स जळतात."

"गिल्स म्हंजे?"

"कल्ले. श्वास घेता येत नाही त्यांना. पाण्यातच गुदमरतात. मी खालच्या आजींना सांगितलं होतं, काका. त्या म्हणाल्या, तुला काय कळतंय."

मी ते थेंब पाण्यात टाकून पाहिले आणि माझ्या नळीत तपासलं. पहिल्या नळाचं पाणी पांढरं स्वच्छ राहिलं, पिवळ्याचं नाव नाही.

मी लगेच खाली येऊन आक्काला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग महाराज तुज्या पावडरीतनं काम करून घेत्यात." पेटीत थेंब टाकून मासा जगवून दाखवतो म्हणालो, तर तिचा चेहरा पडला. "नगं रं. जगला तर माजं दुखनं कोन नेईल?" तिला मासा मरायला हवा होता.

म्हणून बुधवारी मी सरपंच दादासाहेबांच्या हातात एक बंद पाकीट दिलं. आत लिहिलं होतं: उद्या टाकीखालच्या आळीत तीन घरं सोडून बाकी सगळे मासे मरतील. तीन घरांची नावंही दिली, पहिलं आक्काचं. गुरुवारी नळ आल्यावर कॉक तपासायचा बहाणा करून त्या तीन घरांत गेलो आणि पाणी भरता भरता अपेक्षाचे थेंब टाकले. बाकीचे मासेही वाचवता आले असते. पुराव्यासाठी मी ते मरू दिले, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

नऊ वाजता मंडप भरला. ताटल्या आल्या. आक्का पहिल्यांदाच मागच्या रांगेत बसली होती, रडवेली.

मी उभा राहिलो. "महाराज, आज कुनाचे मासे मेले आन कुनाचे न्हाई, ते तुमास्नी काल ठावं व्हतं का?"

"बाळ, ते फक्त भगवंताला ठाऊक असतं."

"मलाबी व्हतं," मी म्हणालो. "दादासाहेब, पाकीट फोडा."

दादासाहेबांनी वाचलं. नावं जुळली, एकही चुकलं नाही. मला वाटलं, आता लोकांना कळणार. तेवढ्यात चंद्राबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"नाना, तुमच्यात बी हाय की वो देव. कवापासनं हाय?"

त्यांच्या मागे रांग लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या पाया पडत होतं, आणि खोटं कशाला बोलू, अर्धं मिनिट बरं वाटलं. महाराज कसे तयार होतात ते मला त्या अर्ध्या मिनिटात समजलं.

मग मी पाय मागे घेतले आणि नळी बाहेर काढली. देवळाच्या नळाचं पाणी घेतलं, पंचायतीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळंधमक. आक्काच्या पेटीतलं, बाटलीत भरून आणलेलं पाणी घेतलं. पांढरं. पावडरीचं, पाइपलाइनचं, कल्ल्यांचं, सगळं सांगितलं. "मासं म्या मारलं," असंही सांगितलं. लोक नळीकडे बघत, मग महाराजांकडे बघत.

महाराज शांत होते. "बाळ, सगळं जल एकच. गंगा काय, नळ काय. पिवळा रंग तुझ्या औषधाचा, जलाचा नव्हे. ताज्या पाण्याने मासा मरत नाही. पीडेने मरतो."

"ताज्यानं मरत न्हाई ना?"

"कदापि नाही."

मी देवळाच्या नळाखालची भरलेली बादली उचलली आणि त्यांच्या निळ्या ड्रमावर धरली. आत प्रसादाचे पन्नास-साठ मासे फिरत होते. मी बादली कलती केली.

महाराज पाटावरून उठले. चपळ होते. दोन्ही हातांनी त्यांनी बादलीचा काठ धरला.

"अरे थांब, येड्या, मरतील ना सगळे."

वर्षभरात त्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. भगवंताचा अवतार नाही, पीडा नाही, साधी काळजी, माशांच्या कोणत्याही दुकानदाराला वाटते तशी. मग दादासाहेबांनी नळी मागून घेतली आणि ड्रमातलं पाणी स्वतः तपासलं. पांढरं निघालं. दुसऱ्यांना शिळं पाणी वर्ज्य सांगणारे महाराज स्वतःचे मासे शिळ्याच पाण्यात ठेवत होते.

"महाराज, ड्रम उचला," दादासाहेब एवढंच म्हणाले. तो उचलायला त्या दिवशी भक्तांपैकी कोणी पुढे झालं नाही. महाराजांनी अर्धं पाणी उपसून तो एकट्याने टेम्पोत चढवला, आणि जाताना एकही मासा मरू दिला नाही.

आक्का अजून मागेच बसली होती. मी तिच्याजवळ गेलो.

"म्हंजे ते सा मासं तूच मारलंस?"

"व्हय आक्का."

"मग माजी आग कुनी नेली?"

याचं उत्तर पौड रोडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. तासाभरात अपेक्षाने तिला गाडीत घालून तिथे नेलं होतं. साखर वाढत राहिली की पायाच्या नसा मरतात, बाई म्हणाल्या. नस मेली की आग थांबते. दुखणं थांबलं म्हणजे बरं व्हायला लागलं असं नाही, पाय हाक मारायचा थांबला. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी आला असता तर नुसती जखम धुऊन भागलं असतं.

पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली.

मी शिकलेला माणूस नाही, पण बावीस वर्षं पाणी तपासून एक गोष्ट कळली, ती सांगतो. मासा मेला तर कारण पाण्यात शोधा. माणूस आजारी पडला तर कारण अंगात शोधा, आणि ते शोधणं ज्याचं काम आहे त्याच्याकडे जा. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच विचारा, हे कुठे घडत नाही? आमच्याकडे ओढ्याकाठी घडत नव्हतं, आणि सगळं उत्तर तिथेच होतं. वर्षभर कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि नळी तर रोज माझ्याच हातात होती.

वाडीतल्या बहुतेक पेट्यांच्या लाइनी मी फुकटात काढून दिल्या. तरी कोणीतरी अजून आक्काच्या ओट्यावर येतं आणि हळूच विचारतं, "रत्नाबाई, खरं सांगा, माशानं थोडा तरी गुण आलाच आसंल की?"

आक्का वाद घालत नाही. पातळ जरा वर घेते, डावा पाय पुढे करते आणि म्हणते, "मोज."