धोंडाबाईचा डेलिया

बंगल्यातल्या गोपाळकृष्ण वकिलांचा माळी डेलियाची वाळकी फुलं उकिरड्यावर टाकायचा. माझ्या बायकोनं त्यातलं बी आणून मळवलीत आमच्या परसात पेरलं. चाळीस रोपं आली आणि प्रत्येकाचं फूल निराळं. शेंदरी, टोकाला पांढरं असं एकच तिनं ठेवलं. बाकीची म्हशीनं खाल्ली.

वकिलांनी त्याचे दोन कंद मागून नेले. फुलाला सासूबाईंचं नाव देऊन पुण्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीसही मिळवलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी कंद जमिनीतच ठेवले, ते कुजले. आमचे चुलीवरच्या माळ्यावर राखेत सुखरूप होते. बायको मात्र त्याच श्रावणात तापानं गेली.

दसऱ्याला वकील दारात आले. एरवी ‘ए सोपान’ म्हणायचे, त्या दिवशी ‘सोपानराव’ म्हणाले.

“कंद देतो,” मी म्हणालो, “पण प्रदर्शनात फुलाच्या पाटीवर आमच्या मंडळींचं नाव लावा.”

“काय नाव?”

माझी जीभ अडली. तीस वर्षं मी तिला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली होती.

“धोंडाबाई,” शेवटी म्हणालो.

“अहो, फुलाला हे नाव? लोक हसतील!”

“तुमच्या सासूबाईंच्या नावाला हसले न्हाईत, मग हिला कशाला हसतील?”

वकिलांनी नाव लावलं. आता बंगल्यांतल्या बाया कंदासाठी माझ्या दारात येऊन विचारतात, “धोंडाबाई आहे का?”

पहिलीनं विचारलं, तेव्हा मी चुलीकडं वळून ओरडलो होतो, “अगं, कोण आलंय बघ!”